बव्हेरियातली पीएचडी आणि सोबत आठ वर्षांची लेक

ताई, तुम्ही सोलापुरात कॉलेजात केमिस्ट्री शिकवता, बव्हेरियात पीएचडीची जागा मिळतेय, लेकही सोबत जाणार. तिथं बाईला मानानं काम करता येतं का, असं विचारलंत. व्हिसा, एपीएस (भारतीय पदव्यांची तपासणी), बँकेतली रक्कम हे सगळं दूतावासाच्या पानावर आहे, ते सोडते.

मान मिळतो. "स्त्रियांनी आवर्जून अर्ज करावा" असं बऱ्याच जाहिरातींत छापलेलं असतं. बाई मागे पडते ती करारात. सहीआधी लेखी विचारा, पगार कुठल्या पैशातून? पात्रतेसाठीचा, म्हणजे पीएचडी करण्यासाठीच दिलेला करार असेल तर बाळंतपणाची रजा मुदतीत वाढवून मिळते. बाहेरच्या प्रकल्पनिधीचा असेल तर रजेवर असतानाही करार ठरल्या तारखेला संपतो. 'मुलामागे दोन वर्षं' म्हणतात त्यानं असे करार देण्याची कमाल मर्यादा वाढते, नोकरी नाही. दिवस राहिल्याचं कळवलं की डीएमएफसारख्या, गर्भाला घातक सॉल्व्हंटचं काम बंद होतं. ते योग्यच, पण प्रकल्पाची मुदत थांबत नाही. तेव्हा प्रयोग कोण करणार, हे गाइडशी आधीच बोला. पदवीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं असेल तर प्रत्येक अर्जाला विवाह नोंदणीचा दाखला लावा आणि शोधनिबंधांवर एकच नाव धरा.

शाळेचं मात्र सविस्तर लिहिते, कारण त्यावरचा राग अजून गेलेला नाही. उद्याचे इंजिनिअर तिथं दहाव्या वर्षीच चाळले जातात. चौथीच्या मे महिन्यात जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास यांची सरासरी 2.33 पर्यंत हवी, तरच थेट गिम्नाझियम, म्हणजे विद्यापीठाकडे नेणारी माध्यमिक शाळा. 1 हा सगळ्यात वरचा गुण. नाहीतर तीन दिवसांचे चाचणी-वर्ग. नंतरही विद्यापीठ गाठता येतं, पण वळसा घालून. परदेशातून आलेलं हुशार पोर अडतं ते भाषेत, कारण गणिताचं उदाहरणसुद्धा चार ओळी जर्मन असतं. मातृभाषा वेगळी असेल, मूल पहिलीपासून तिथं शिकलेलं नसेल आणि गुण भाषेमुळे गेले असतील, तर 3.33 पर्यंत सवलत देता येते. तुमच्या लेकीला ती लागू पडू शकते. शाळा आपणहून सांगेल याची वाट बघू नका, तिसरीतच वर्गशिक्षकांना विचारा.

प्राथमिक शाळा दुपारीच सुटते. रिफ्लक्स (सॉल्व्हंट तासन्‌तास उकळत ठेवायचा प्रयोग) लावून शाळेच्या फाटकात उभं राहता येत नाही, म्हणून दुपारच्या पाळणाघरात, हॉर्टमध्ये, घर मिळायच्या आधीच नाव घाला.

एकटेपणा येतो. संक्रांतीला इकडे सिद्धेश्वराची गड्डा जत्रा भरते तेव्हा जास्तच. कडक भाकरी आणि शेंगाचटणी न्या.

लेकीचं जर्मन आजच सुरू करा, आणि शब्दांतली गणितं जर्मनमधूनच सोडवून घ्या.