मोडलेली मांडी आणि जांघेतला ब्लॉक

प्रश्न : आई ७८ वर्षांची. बाथरूममध्ये घसरून खुब्याजवळ हाड मोडलं. कमरेत भूल देणार आहेत, वर ब्लॉकही देणार म्हणतात. दोन इंजेक्शनं कशाला? (कोथरूड)

उत्तर : कमरेतली भूल ऑपरेशनपुरती, दोन-तीन तासांची. ब्लॉक म्हणजे जांघेत नसेजवळ औषध देऊन तेवढा भाग बधिर करायचा; तो ऑपरेशननंतरच्या रात्रीसाठी. पण मला त्याचा खरा उपयोग आधीच दिसतो. कमरेत सुई टोचायची तर मोडका पाय घेऊन कुशीवर वळावं किंवा उठून बसावं लागतं. नुसता हात लावला तरी ओरडणारी आजी, ब्लॉक दिल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत ‘झालं का हो?’ विचारत वळते. शिवाय मॉर्फिनच्या जातीची औषधं कमी लागतात. या वयात त्यांनी गुंगी येते, पोट साफ होत नाही, माणूस रात्री बरळतो.

प्रश्न : सासऱ्यांना ‘फॅशिया इलियाका’ ब्लॉक दिला, शेजाऱ्यांना ‘पेंग’ ब्लॉक. चांगला कोणता? (सिंहगड रोड)

उत्तर : हाड कुठे मोडलंय, टाके कुठे येणार आणि पेशंटला कधी उभं करायचंय, यावर ते ठरतं. फॅशिया इलियाकामध्ये जांघेतल्या एका पडद्याखाली ३०-४० मिली पातळ केलेलं औषध पसरवतात. मांडीची मुख्य नस आणि बाहेरच्या बाजूच्या कातडीची नस, दोन्ही बधिर होतात. रॉड टाकायची चीर बाहेरच्याच बाजूला असते, म्हणून हे सोयीचं. तोटा असा, की मांडीचा पुढचा स्नायू ढिला पडतो आणि वॉकर धरून उभं राहताना गुडघा दगा देतो.

पेंग त्या मानाने नवा, २०१८ साली मांडलेला. त्यात खुब्याच्या सांध्याकडे जाणारे बारीक फाटे तेवढे गाठतात. औषध २० मिलीच्या आसपास. पायातली ताकद बरीचशी टिकते. पण कातडी बधिर होत नाही, त्यामुळे टाक्यांच्या जागेसाठी वेगळी सोय करावी लागते. आणि मोडलेलं हाड खुब्यापाशी नसून मांडीच्या मध्यावर असेल, तर पेंग फारसा कामाचा नाही.

प्रश्न : भावाला बायपासवर ट्रकने उडवलं, मांडी मधोमध मोडली. त्याला कोणता? (वारजे)

उत्तर : फिमोरल, म्हणजे फक्त मांडीच्या मुख्य नसेचा ब्लॉक, किंवा फॅशिया इलियाका. गुडघ्याजवळ मोडलं असतं तर मागच्या सायटिक नसेचाही विचार करावा लागला असता. मात्र पाय दगडासारखा घट्ट लागत असेल तर आधी हाडांच्या डॉक्टरांशी बोलायचं. आत दाब वाढत असेल तर वेदना हीच त्याची खूण असते, ती ब्लॉकने झाकली जायला नको.

प्रश्न : वडिलांची रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. ब्लॉक चालेल?

उत्तर : क्लोपिडोग्रेल असेल तर कमरेतल्या भुलीसाठी साधारण ५ ते ७ दिवस थांबावं लागतं. जांघेतली नस वरवर असते, रक्त आलं तर दाबून धरता येतं, म्हणून ब्लॉक बहुधा देता येतो. गोळी स्वतःहून बंद करू नका. शेवटची कधी घेतली ते कागदावर लिहून आणा.

प्रश्न : दिवसभर आजोबा मजेत, पहाटे तीनला एकदम कळा. ब्लॉक फसला का?

उत्तर : उतरला. एकदा दिलेला ब्लॉक साधारण ८ ते १६ तास टिकतो. ‘दुखत नाही ना, मग कशाला गोळी?’ म्हणून रात्रीची पॅरासिटामॉल परत केलेली असते, हा घरोघरीचा अनुभव. ती वेळेवर द्या. शेकायची पिशवी मात्र बधिर मांडीवर ठेवू नका, कातडी भाजली तरी कळत नाही.

प्रश्न : ब्लॉकमुळे कायमची कंबर धरते का?

उत्तर : सुई जांघेत असते हो, कमरेत नाही.