बारा वर्षांचा पाव्हणा परमनंट कधी होतो?

या खेपेला कर्नाटकातल्या आपल्या सीमाभागातल्या कॉलेजवाल्यांचे सगळे प्रश्न एकाच गोष्टीचे आलेत, नोकरी पक्की की कच्ची. माझी सगळी सर्व्हिस कॉलेजच्या ऑफिसात एस्टॅब्लिशमेंटच्या, म्हणजे नेमणुका-पगाराच्या टेबलावर गेली, त्यामुळं मी आधी दोनच गोष्टी विचारतो. जागा मंजूर आहे काय, आणि ऑर्डरीत काय लिहिलंय. प्रिन्सिपल किती गोड बोलतात ते मग बघू.

प्रश्न: सर, खानापूर भागात सरकारी डिग्री कॉलेजात १२ वर्षं गेस्ट म्हणून शिकवतोय. १० वर्षं झाली की परमनंट करावंच लागतंय म्हणतात, खरं काय?

नाही हो. ही दहा वर्षांची गोष्ट आली आपल्याच राज्याच्या केसमधनं, कर्नाटक सरकार विरुद्ध उमादेवी, सुप्रीम कोर्ट, १० एप्रिल २००६. आणि त्यात कोर्टानं उलटंच सांगितलंय, नुसती वर्षं भरली म्हणून टेम्पररी माणूस कायम होत नाही. फक्त मंजूर जागेवर बसलेला, लायक, कोर्टाच्या ऑर्डरीच्या आधाराशिवाय दहा वर्षं काढलेला जो कोण होता त्याच्यासाठी एकदाच काय ती सोय करा म्हटलं. लोकांनी तेवढं 'दहा वर्षं' लक्षात ठेवलं. २०२४ च्या डिसेंबरात जग्गो केसमध्ये त्याच कोर्टानं सुनावलं की उमादेवीची ढाल करून वर्षानुवर्षं राबवलेल्यांना बाहेर काढू नका, म्हणजे दार अगदी बंद नाही, पण ती माणसं सलग कामावर असलेली सफाई आणि माळीकामाची होती आणि तुम्ही दरवर्षी नव्यानं अर्ज करून आत येता, हा फरक सरकारचा वकील आधी दाखवणार. कन्नडात तुमचं पदच 'अतिथी उपन्यासक', पाव्हण्याला बारा वर्षं जेवायला घातलं तरी सातबाऱ्यावर नाव लागत नाही! २०२२ ला मानधन ११-१३ हजारावरनं २६ ते ३२ हजारावर गेलं, ते बरंच झालं, पण यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमात जुनी टेम्पररी सर्व्हिस धरायला पगार रेग्युलर असिस्टंट प्रोफेसरएवढा लागतोय, तिथं आपण अडतो. दरवर्षीची ऑर्डर जपून ठेवा आणि रेग्युलर भरती निघाली की वयाचा विचार न करता आधी फॉर्म भरा, वयाची सवलत आहे काय ते जाहिरातीत बघता येतं.

प्रश्न: मी निपाणीकडं अनुदानित कॉलेजात लायब्ररियन. स्टाफरूममध्ये "तुम्ही नॉन-टीचिंग" म्हणून हिणवतात.

मॅडम, त्यांना यूजीसीचं २०१८ चं रेग्युलेशन वाचायला द्या. कॉलेज लायब्ररियन आणि फिजिकल एज्युकेशन डायरेक्टर दोघांची पात्रता, नेट (प्राध्यापकीची देशपातळीवरची पात्रता परीक्षा), प्रमोशन सगळं त्याच रेग्युलेशनमध्ये प्राध्यापकांबरोबर आहे, सुरुवातीचा पगारही तोच, लेव्हल १०, बेसिक ५७,७००. पण हे ज्याची नेमणूक त्या स्केलवर झालीय त्यालाच, लायब्ररी असिस्टंट आणि अटेंडरला नाही. मला विचाराल तर हिणवणाऱ्यांनी आधी पुस्तकं परत करावीत.

प्रश्न: भाची कोल्हापूरला एमए झाली, महाराष्ट्राची सेट पास. बेळगावात चालेल काय?

चालत नाही. सेट म्हणजे राज्याची पात्रता परीक्षा, आणि १ जून २००२ नंतरची सेट ज्या राज्याची त्याच राज्यात. महाराष्ट्राची सेट तेवढी गोव्यासाठीही असते, म्हणून आपली कितीतरी पोरं तिकडं जातात. इथं राहायचं तर नेट किंवा कर्नाटकाची के-सेट. सीमेवर राहून दोन्हीकडचं धरायचं तर नेटच बरी.

प्रश्न: विनाअनुदानित कॉलेजात ९ वर्षं क्लार्क. परवा "उद्यापासून येऊ नका" म्हणाले, कागद काय दिला नाही. जुन्या ऑर्डरीवर सही केलीय पण कन्नड नीट वाचता येत नाही.

आधी ती ऑर्डर कुणाकडनं तरी वाचून घ्या. 'तात्कालिक' असेल तर टेम्पररी, 'खायं' असेल तर कायम. आपली माणसं सहीची घाई करतात आणि मग नऊ वर्षांनी अर्थ विचारतात, राग नका धरू. आजच मॅनेजमेंटला स्पीड पोस्टानं लिहा की मी कामावर यायला तयार आहे, काढलं असेल तर ऑर्डर द्या, आणि पावती जपा. एज्युकेशनल अपेलेट ट्रिब्युनल म्हणून जिल्हा न्यायाधीशांपुढं अपील करता येतं, टीचिंग असो की नॉन-टीचिंग, पण मुदत तीन महिन्यांची, "बघू, बोलून मिटवू" म्हणत ती घालवू नका. वकील गाठा. नोकरी परत मिळो न मिळो, ५ वर्षं सलग झालीत तर ग्रॅच्युइटी मागायचीच. शेवटचा महिन्याचा बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून १२ हजार असेल तर त्याला १५ नं गुणा, २६ नं भागा, परत ९ नं गुणा, ६२ हजाराच्या वर होतंय. त्याचा अर्ज वेगळा द्या, अपिलाच्या कागदात घालू नका.