जखमेचा कागद

कोल्हापूर

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले. मारहाण झालेल्या एका आमदारांचे प्रकरण तुझ्याकडे आले असून हल्लेखोरांच्या आधी त्यांच्यावरच गुन्हा नोंदला गेला आहे, आणि हे काम घेतल्याबद्दल ‘पुढाऱ्यांचे कसले आले मानवी हक्क?’ असा प्रश्न तुला घरातच ऐकावा लागतो आहे, हे वाचून मला नवल वाटले नाही. बिंदू चौकात उभी राहून विचारलेस तरी हेच ऐकायला मिळेल. लोकांचा हा राग अनाठायी आहे असे मी म्हणत नाही. पण त्या रागात दोन निराळ्या गोष्टींची गल्लत होते, आणि ती गल्लत तुझ्या मनात राहिली तर तुझा युक्तिवादही डळमळेल.

विशेषाधिकार वेगळा आणि मानवी हक्क वेगळा. संविधानाचा अनुच्छेद १९४ आमदाराला आणि अनुच्छेद १०५ खासदाराला सभागृहातील भाषणाबद्दल व मतदानाबद्दल न्यायालयीन कारवाईपासून संरक्षण देतो; सभागृहाबाहेरच्या गुन्ह्याला ते कवच लागू नाही. सभागृहातही ते अमर्याद नाही. केरळ विधानसभेत २०१५ साली अर्थसंकल्पाच्या वेळी झालेल्या मोडतोडीचा खटला मागे घेऊ देण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये नकार दिला, आणि मतासाठी लाच घेणाऱ्या सदस्याला संरक्षण देणारा १९९८ चा निकाल सात न्यायाधीशांच्या पीठाने ४ मार्च २०२४ रोजी मोडीत काढला. अधिवेशनाच्या आधीचे व नंतरचे चाळीस दिवस अटक नाही, ही तरतूद केवळ दिवाणी अटकेपुरती आहे. ती फौजदारी अर्जात घुसडणारे वकील मी पाहिले आहेत, तू त्यांच्यात जाऊ नकोस. तुला तुझ्या अशिलासाठी कवच मागायचेच नाही. अटकेची कारणे कळणे, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभे केले जाणे, कोठडीत अंगाला हात न लागणे आणि निःपक्ष सुनावणी मिळणे, हे राजारामपुरीतल्या रिक्षावाल्याला जेवढे आहे तेवढेच त्यांना हवे आहे. फरक इतकाच की, रिक्षावाला आत गेला तर त्याचे घर अडते, आणि आमदार आत गेला तर घराबरोबर एका मतदारसंघाचे सभागृहातले बोलणेही थांबते.

मधू लिमये यांचे प्रकरण तू मुळातून वाच. पुण्यात जन्मलेले लिमये तेव्हा बिहारमधून निवडून आलेले खासदार होते. ६ नोव्हेंबर १९६८ रोजी त्यांना लखीसराय रेल्वे स्थानकावर अटक झाली आणि त्याच दिवशी त्यांनी सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिले, जे अनुच्छेद ३२ खालील, म्हणजे मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयाकडे करायचा अर्ज म्हणून चालले. डिसेंबरमध्ये न्यायालयाने त्यांची व त्यांच्याबरोबर पकडलेल्यांची सुटका केली, ती खासदारकीकडे पाहून नव्हे. अटकेची कारणे सांगितली गेली नव्हती आणि दंडाधिकाऱ्यांचे कोठडीचे आदेश साचेबंद होते, म्हणून. खासदाराने लिहिलेल्या त्या पत्राचा लाभ पुढे अटक झालेल्या कितीतरी सामान्य माणसांना झाला. घरच्यांना हे सांगून पाहा. पटेलच असे नाही.

आता माझी एक चूक सांगतो, जी मी फारशी कोणाला सांगत नाही. वकिलीच्या पहिल्या काही वर्षांत एका सभेतल्या मारहाणीनंतर एका विद्यमान सदस्याचे कार्यकर्ते रात्री माझ्याकडे आले होते. त्या गृहस्थांचे राजकारण मला मुळीच पटत नव्हते, आणि एवढ्या माणसांच्या पुढाऱ्याला माझ्यासारख्या नवख्याची काय गरज, असे मनाशी म्हणत मी त्यांना सकाळी यायला सांगितले. सकाळची दुपार झाली, मग पत्रकार परिषद झाली, निषेध मोर्चा झाला, आणि वैद्यकीय तपासणी करून घेण्याचे पाचव्या दिवशी सुचले. तोवर वळ पिवळे पडले होते. दाखल्यात ‘साधी दुखापत, काळ निश्चित सांगता येत नाही’ एवढेच आले. मारणारे निर्दोष सुटले. उलट फिर्यादीत मात्र त्या सदस्याला कित्येक वर्षे तारखांना हजर राहावे लागले, आणि त्यातल्या काही तारखा नेमक्या अधिवेशनात येत. माणसे भरपूर होती. त्या रात्री कागद करणारा कोणी नव्हता.

म्हणून पहिल्या चोवीस तासांचा आग्रह धर. जबाब त्यांच्याच शब्दांत, क्रमाने, वेळेसह लिहून घे. ‘विरोधकांनी भ्याड हल्ला केला’ असली भाषणातली वाक्ये त्यात येऊ देऊ नकोस, कारण उलटतपासणीत तीच पहिल्यांदा फुटतात. जखमांचा दाखला, फिर्यादीची प्रत, स्टेशन डायरीतील नोंदीची मागणी, अटक झाली असल्यास अटक पंचनामा, आणि अटक विधानसभा अध्यक्षांना कळवली गेली की नाही याची विचारणा, हे सारे पोचपावतीसह ठेव. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे जायचे झाले तर घटनेपासून एका वर्षाच्या आत जावे लागते, हेही तारखेसह टिपून ठेव.

कोठडी लांबली तर एक साधी गोष्ट हमखास विसरली जाते. सभागृहाच्या परवानगीविना साठ दिवस गैरहजर राहिलेल्या सदस्याची जागा अनुच्छेद १९० प्रमाणे रिक्त ठरवता येते. तेव्हा कळंब्याच्या कारागृहातून का होईना, रजेचा अर्ज वेळेवर गेला पाहिजे. खालच्या न्यायालयात दोन वर्षांची शिक्षा झाली तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालापासून अपात्रता तत्काळ येते, आणि मग केवळ शिक्षेला स्थगिती घेऊन भागत नाही, दोषसिद्धीलाच स्थगिती मागावी लागते. २०२३ साली वायनाडचे तेव्हाचे खासदार राहुल गांधी यांचे सदस्यत्व परत आले ते दोषसिद्धीला स्थगिती मिळाल्यावरच.

सभागृह स्वतःच अन्याय करते तेव्हा काय, हे तू विचारले आहेस. त्याचे उत्तर आपल्याच विधानसभेने मिळवून दिले. ५ जुलै २०२१ रोजी बारा आमदारांना एका वर्षासाठी निलंबित करण्यात आले. २८ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या अधिवेशनापलीकडचे निलंबन असंवैधानिक ठरवले. जागा रिक्त झाली तर पोटनिवडणूक तरी होते. वर्षभराच्या निलंबनात मतदारसंघाला आमदार असून नसल्यासारखा होतो. त्या बारा जणांचा पक्ष कोणता हे तुला ठाऊकच आहे. निकाल वाचताना तो बाजूला ठेवून वाच.

जिनिव्हाला तक्रार पाठवण्याचा तुझा विचार मात्र सोडून दे. १८८९ मध्ये स्थापन झालेल्या तिथल्या आंतर-संसदीय संघाची १९७६ पासून खासदारांच्या मानवी हक्कांसाठी दहा सदस्यांची समिती आहे, आणि ती फक्त राष्ट्रीय संसदेच्या आजी-माजी सदस्यांची प्रकरणे घेते. आमदाराला तिथे दार नाही. पण तिची रीत शिकण्याजोगी आहे. तक्रार आली की ती संबंधित देशाच्या संसदेचे म्हणणे मागवते, दोन्ही बाजू ऐकते आणि चिकाटीने वर्षानुवर्षे विचारत राहते. फिलिपिन्सच्या सिनेटर लैला दे लिमा २०१७ च्या फेब्रुवारीत अटकेत गेल्या. समितीने त्यांच्या खटल्यावर निरीक्षक नेमला. जामीन मिळाला तो २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये. एवढी वर्षे फाईल उघडी ठेवणे आपल्याकडे किती जणांना जमेल, याची मला शंका आहे.

तुझ्या अशिलांच्या पक्षातील महिला सदस्यांना फोनवरून येणाऱ्या धमक्यांचा उल्लेख तू पत्राच्या शेवटी, ओझरता केला आहेस. तो ओझरता नको. याच संघाने २०१६ साली ३९ देशांतील ५५ महिला खासदारांशी बोलून केलेल्या अभ्यासात ८० टक्क्यांहून अधिक जणींनी मानसिक हिंसा सोसल्याचे सांगितले होते. त्यांचे संदेश तारीखवार उतरवून घे आणि स्वतंत्र तक्रार कर. आमदारांच्या प्रकरणाला ती शेपटासारखी जोडू नकोस.

ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच आपल्या गावात बसते आहे, त्यामुळे महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्रभर जागून मुंबई गाठण्याची आमच्या पिढीची सबब तुला उरलेली नाही. शनिवारी दुपारी चारनंतर ये. दाखला मूळ आण, छायाप्रतीवर मी काही बोलणार नाही. आणि तपासणीची वेळ त्यात लिहिली आहे का, ते निघण्यापूर्वी पाहून घे.

तुझा शुभचिंतक