वाचकांचे प्रश्न : लाओछियांग टिकवायचा म्हणजे नेमके काय टिकवायचे?

प्रश्न : चीनमधले गावकरी लाकडी बाकडे आपटत गातात, तो लाओछियांग आता मोठ्या रंगमंचावर दिसतो. मग ही कला वाचली असे समजायचे का?

उत्तर : अर्धीच वाचली. लाओछियांग हा मुळात चामड्याच्या छाया-बाहुल्यांचा खेळ. शानशी प्रांतात ह्वाशान पर्वताच्या पायथ्याशी ह्वायिन आहे. तिथल्या श्वांगछ्वान गावच्या चांग घराण्याने तो पिढ्यान्‌पिढ्या घरातच राखला. संच पाच जणांचा. पुढचा गायक गोल पोटाचे युएछिन वाजवत सगळ्या पात्रांचे संवाद आणि गाणी एकटा म्हणतो, शिवाय ढोलही सांभाळतो. दुसरा बाहुल्या नाचवतो, तिसरा त्याला हव्या त्या बाहुल्या जोडून देतो. उरलेल्या दोघांकडे बानहू हे तंतुवाद्य, झांजा आणि बाकड्यावर आपटायचा ठोकळा. ओळीच्या शेवटी सगळे मिळून सूर ओढतात.

2006 साली चीनच्या राष्ट्रीय वारसा यादीत नाव आले, त्याच वर्षी बीजिंगच्या एका नाटकात हे कलावंत उभे राहिले. प्रसिद्धी मिळाली ती पडद्याबाहेरच्या गाण्याला. काही मिनिटांच्या त्या तुकड्यासाठी बाहुलीवाला लागतच नाही. त्यामुळे तरुण मुले बाकडे आपटायला लगेच शिकतात. अख्खे नाटक पाठ असलेला पुढचा गायक मात्र घडत नाही. मदतीचा पैसा आधी त्याच्या शिष्यांवर खर्च व्हावा, असे आमचे ठाम मत आहे.

प्रश्न : ध्वनिचित्रमुद्रण करताना कशाची काळजी घ्यावी?

उत्तर : दोन कॅमेरे हवेतच. एक पडद्यासमोर, दुसरा पडद्यामागे बाहुलीवाल्याच्या हातांवर रोखलेला. प्रकाशमापन हाताने ठरवा. स्वयंचलित ठेवले तर अंधार पाहून कॅमेरा उजेड वाढवतो आणि पडदा पांढराफट्ट होतो. गायकाचा मायक्रोफोन वेगळा ठेवा. आवाजाची पातळी ठोकळ्याच्या जोरदार फटक्यावर लावा. गाण्यावर लावली तर पहिल्याच फटक्याला ध्वनी फाटतो, आणि तो नंतर दुरुस्त होत नाही.

नाटक आधी सलग घ्या. मग तेच प्रसंग संथ लयीत, एकेक वाद्य सुटे करून. हस्तलिखितात शब्द असतात, पण ढोल-झांजांचे बोल आणि गायकाने डोळ्यांनी दिलेली खूण कुठेच लिहिलेली नसते. ते म्हणून घ्या आणि ओळीशेजारी टिपा. नवख्याची गाडी अडते ती इथेच.

प्रश्न : जुन्या बाहुल्या वाकड्या झाल्या, बुरशी आली, तर? कोकणातल्या पिंगुळीच्या ठाकर कलावंतांच्या चामडी बाहुल्यांनाही हेच उपाय चालतील का?

उत्तर : साठवणीचे नियम दोन्हीकडे सारखे. रंगांबाबत मात्र आधी जाणकाराला दाखवा. शानशीच्या बाहुलीचे साधारण 11 सुटे भाग दोऱ्याने जोडलेले असतात. गळ्याला एक आणि हातांना दोन अशा तीन काड्या. चामडे कमावलेले नसल्याने ते पाणी शोषून फुगते आणि रंग सुटतो. म्हणून ओले फडके नको. गरम इस्त्रीही नको, चामडे आक्रसते. शोषक कागदांत ठेवून वर सपाट वजन द्या, काही आठवडे.

आर्द्रता 45 ते 55 टक्के राखा. 65च्या वर बुरशी धरते, फार कोरड्या हवेत सांधे तडकतात. कोकणातल्या पावसाळ्यात डब्यात ओल शोषणारे सिलिका जेल लागेलच. बुरशी कोरड्या मऊ कुंचल्याने, मास्क लावून, उघड्यावर झाडा. कीड असेल तर बाहुली हवाबंद पिशवीत घालून उणे 20 अंशांवर आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी उघडू नका, नाहीतर थंड चामड्यावर दव धरते.