भावाची दारू सोडवायला समुपदेशकांनी वही भरायला दिली आहे. नुसतं लिहून काय होणार?

तुम्ही लिहिलंय की भाऊ शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत आहे, शनिवारी आणि पगाराला हमखास पितो, अंबाबाईची शपथ घेऊनही झाली, आणि आता समुपदेशकांनी 'सीबीटी' (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी बोलण्याची उपचारपद्धत) सुरू करून हातात वही दिली आहे. मी व्यसनमुक्ती समुपदेशनाचंच काम करतो. वही नीट भरली तर फरक पडतो, आणि तो का पडतो ते सांगतो.

पण वहीच्या आधी एक तपासा. रोज पिणं असेल, सकाळी हात थरथरत असतील, घाम फुटत असेल आणि दोन घोट पोटात गेल्यावरच बरं वाटत असेल, तर घरच्या घरी दारू एकदम बंद करू नका. शेवटच्या पिण्यानंतर साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भास, बडबड, ताप सुरू होऊन जिवावर बेतू शकतं. हा टप्पा डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) आणि बाकीची औषधं देऊनच पार पाडायचा. त्यासाठी कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आहे. त्या दिवसांत डोकं ठिकाणावर नसतं, त्यामुळे वही नंतर.

आता वही. बहुतेक जण तिच्यात 'आज प्यायलो, आज नाही' एवढंच लिहितात. ही हजेरी झाली, तिचा उपयोग नाही. प्रत्येक प्रसंगाची एक ओळ हवी: किती वाजता, कुठे, कोणाबरोबर, मनात कोणतं वाक्य आलं, ओढ ० ते १० पैकी किती, मग काय केलं, लगेच काय मिळालं आणि दुसऱ्या दिवशी काय झालं. न पिता निभावलेल्या प्रसंगाचीही ओळ लिहायची, उलट ती जास्त कामाची. नमुना असा: 'शनिवार, ६:४०, कंपनीच्या गेटबाहेर, दोघं मित्र. "आठवडाभर भट्टीपुढं राबलोय, एक क्वार्टर हक्काची आहे." ओढ ८. तिघं बसलो. तासभर डोकं शांत. रविवारी बायकोशी भांडण, दीड हजार गेले.'

अशा पंधरा-वीस ओळी झाल्या की समुपदेशक आणि भाऊ मिळून एकच गोष्ट शोधतात: पिण्याचा निर्णय नेमका कधी झाला? तो ग्लास भरताना क्वचितच होतो. दुपारी डबा खाताना 'संध्याकाळी भेटू की' म्हटलं तिथे होतो, खिशात रोकड ठेवली तिथे होतो, 'नुसता रस्सा खायला जातोय, पिणार नाही' म्हणून पार्टीला होकार दिला तिथे होतो. ग्लास समोर आल्यावर नाही म्हणायला पहाडाएवढी ताकद लागते. दुपारी एक वाजता थोडीशी पुरते. सगळं काम त्या दुपारच्या जागी करायचं असतं: पगार बायकोच्या खात्यावर, शनिवारी घरी यायचा रस्ता वेगळा, साडेसहाला तालमीत किंवा मैदानावर कोणीतरी वाट बघत असलेलं. ही मोकळी वेळ भरली नाही तर बाकीचं काही टिकत नाही, असं माझं ठाम मत आहे.

मनातल्या वाक्याशी वाद घालायचा तो उपदेश करून नव्हे, त्याच्याच वहीतून. 'क्वार्टरवर थांबतो' असं वाटतं ना? मग मागच्या दहा ओळींत किती वेळा थांबलास, मोज. उत्तर त्याने स्वतः काढलं तरच ते शनिवारी आठवतं.

ओढ उठली तर बहुधा १५ ते ३० मिनिटांत ती ओसरते, तिला खतपाणी मिळालं नाही तर. तेवढा वेळ काढायला शिकवतात: जागा सोडायची, पोटभर खायचं, ठरलेल्या माणसाला फोन करायचा, दर पाच मिनिटांनी ओढीचा आकडा लिहायचा. आकडा ८ वरून ५ वर उतरताना स्वतःच्या डोळ्यांनी दिसणं महत्त्वाचं. नकाराचीही तोंडी तालीम हवी. "चल की भावा, एकच" म्हटल्यावर "डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात" ही सबब गोळ्या संपेपर्यंतच चालते. "मी सोडली आहे, तुम्ही बसा, मी निघतो" असं छोटं वाक्य समुपदेशकांसमोर पाच-सहा वेळा मोठ्यानं म्हणायला लावतात. लाजतात सगळे, पण तोंडात बसल्याशिवाय ते ऐन वेळी निघत नाही.

बिघडतं कुठे? वही सत्राच्या आदल्या रात्री एका बैठकीत भरली जाते, तेव्हा ती खोटी असते. घरचे ती चोरून वाचतात आणि भांडणात पुरावा म्हणून काढतात, की लिहिणं बंदच. तुम्ही वही वाचू नका. आणि भाजीत गुपचूप औषध कालवू नका. दारू प्यायल्यावर त्रास देणारी गोळी न सांगता दिली आणि वर तो प्यायला, तर रक्तदाब कोसळून दवाखाना गाठावा लागू शकतो. गोळी बंद केल्यावरही हा धोका दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. ती गोळी त्याच्या संमतीने, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

शपथेबद्दलही सांगतो. श्रद्धेला माझा विरोध नाही, पण शपथ मोडली की माणूस म्हणतो, 'आता मोडलीच आहे तर होऊन जाऊ दे', आणि एका क्वार्टरचे चार दिवस होतात. मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट यांनी १९८० च्या दशकात हाच सापळा नीट मांडला आणि पुन्हा घसरण टाळण्याची पद्धत त्याभोवती बांधली. म्हणून घसरल्यावर काय करायचं हे आधीच लिहून ठेवतात: उरलेली बाटली ओतून द्यायची, त्याच रात्री एका माणसाला खरं सांगायचं, दुसऱ्या दिवशी ती ओळ वहीत भरायची आणि पुढचं सत्र चुकवायचं नाही.

साधारण आठवड्याला एक, अशी १२ ते १६ सत्रं धरून चाला. मध्येच रात्री काही अडलं तर १४४१६ या टेलिमानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) मोफत क्रमांकावर चोवीस तास बोलता येतं. या आठवड्यात तुमच्याकडून एवढंच करा: शनिवारी संध्याकाळी सहा ते नऊ तो कुठे असेल, हे गुरुवारीच त्याच्याशी बोलून ठरवा.