दार उघडं आहे, पण आत कुणी येत नाही

“माझं दार उघडंच असतं. कुणीही यावं, काहीही बोलावं. पण येतंय कोण? मीटिंगमध्ये ‘काही शंका?’ म्हटलं की सगळे वहीत डोकं घालतात.”

आठ जणांची टीम सांभाळणाऱ्या एका गृहस्थांची ही तक्रार. ओळख पटू नये म्हणून इथले तपशील बदलले आहेत; काळजी मात्र नेहमीची आहे. समुपदेशनाला ते आले एका राजीनाम्यानंतर. दोन वर्षं निमूटपणे चोख काम केलेली सहकारी जाताना म्हणाली होती, “सर, इथे माझं काही अडत नव्हतं. पण माझ्यावाचूनही कुणाचं काही अडत नव्हतं.” हे वाक्य त्यांच्या मनातून जाईना. उरलेल्या गप्प माणसांना बोलतं कसं करायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

या प्रश्नात खोट गप्प माणसांत आहे असं धरूनच चाललेलं असतं. म्हणून आधी सल्ला दिला नाही, मोजणी करायला सांगितली. पुढच्या मीटिंगमध्ये कागदावर सगळ्यांची नावं लिहायची आणि प्रत्येकापुढे तीन गोष्टी टिपायच्या: किती वेळ बोलला, त्याचं वाक्य कुणी तोडलं, आणि टिपणं काढणं, पुढची वेळ ठरवणं असली वरकामं कुणाच्या गळ्यात पडली. बोलता बोलता स्वतः टिपणं जमत नाही, म्हणून हे काम एका विश्वासू सहकाऱ्यावर सोपवलं, तेही टीमला आधी सांगून. गुपचूप मोजलं असतं तर पाळत ठेवल्यासारखं झालं असतं.

४५ मिनिटांचा हिशेब असा निघाला: ते स्वतः २४ मिनिटं, दोन जुने सहकारी मिळून १२, उरलेले सहा जण मिळून ९. वाक्य ११ वेळा तोडलं गेलं, त्यातलं ६ वेळा त्यांनीच. टिपणं गेले चार महिने एकच बाई काढत होत्या. त्या दिवशी त्या अवाक्षर बोलल्या नव्हत्या, कारण लिहिणाऱ्याला बोलायला उसंत नसते.

एक गोष्ट आकड्यांत आली नाही, त्यांच्या बोलण्यात आली. दोन जुन्यांना ते ‘अरे’ म्हणायचे, बाकीच्यांना ‘तुम्ही’. यात अपमान कुणाचाच नाही, पण घरातलं कोण आणि पाहुणं कोण हे टीमला रोज ऐकू येत होतं. सगळ्यांना ‘तुम्ही’ किंवा सगळ्यांना ‘तू’, काय वाटेल ते ठरवा, पण एकच ठेवा, असं सुचवलं. हे त्यांना सगळ्यात अवघड गेलं.

मग ‘काही शंका?’कडे वळलो. हा प्रश्न ऐकणाऱ्याला आधी ‘मला कळलं नाही’ अशी कबुली द्यायला लावतो. शिवाय तो विचारून ते थांबायचेच नाहीत. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांत मोजून दाखवलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. ते तीन सेकंद किंवा जास्त थांबले की उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागतात. या गृहस्थांना सांगितलं, “यात कुठे गडबड होऊ शकते?” असं विचारा आणि मनात सातपर्यंत मोजा. पाचाला जीव कासावीस होतो. तेव्हाच तोंड उघडायचं नाही.

मीटिंगची मांडणीही बदलली. विषय आदल्या दिवशी प्रश्नाच्या रूपात पाठवायचा: ‘वेळापत्रक’ असं नव्हे, ‘हे काम दोन आठवड्यांत होईल का, कुठे अडेल?’ असं. सुरुवातीची ४ मिनिटं सगळ्यांनी आपापलं लिहायचं. मग प्रत्येकाला दीड मिनिट, सर्वांत नव्यापासून जुन्यापर्यंत, साहेब शेवटी. आठ जणांचं १२ मिनिटांत आटपतं. पहिल्या फेरीत कुणी कुणाला उत्तर द्यायचं नाही आणि ‘सध्या पुढे जा’ म्हणायची मुभा सगळ्यांना. क्रम उलटा ठेवण्याचं कारण उघड आहे: वरिष्ठ आधी बोलला की नवा माणूस स्वतःचं मत सोडून त्याच्या मताशी जुळेल ते शोधायला लागतो. टिपणं पाळीपाळीने. कुणी मध्येच घुसलं तर एकच वाक्य: “थांबा जरा, त्यांचं पुरं होऊ द्या.” आणि एकाने मांडलेला मुद्दा दुसऱ्याच्या तोंडून कौतुकाला पात्र ठरला तर लगेच, “हे मघाशी त्यांनी सांगितलं होतं.”

दुसऱ्याच आठवड्यात घोटाळा झाला. उत्साहाच्या भरात ते सगळ्यांसमोर एकीला म्हणाले, “तुम्ही कधीच बोलत नाही, आज बोला ना.” ती आणखी मिटली. बोलायला जागा देणं आणि गप्पपणावर बोट ठेवणं यांत फार फरक आहे. अशा माणसाशी आधी एकटं वीस मिनिटं बसावं, “तुम्हाला कसं सांगणं सोयीचं पडेल?” असं विचारावं आणि उत्तर पाळावं. याच बैठकांतून कळलं की एकाला एका कानाने कमी ऐकू येतं आणि दोघं एकदम बोलले की त्याच्या हाती काहीच लागत नाही. दीड वर्ष तो नुसता मान डोलावत होता.

दुसरी चूक जास्त महागात पडली. टीममधला सर्वांत नवा मुलगा म्हणाला, “ही तारीख जमणार नाही.” साहेबांनी “हो, पण...” म्हणून चार मिनिटं समजावलं. पुढच्या दोन मीटिंगा पुन्हा शांतता. पहिल्यांदा तोंड उघडणाऱ्याचं पुढे काय होतं, हे बाकीचे सात जण बारकाईने बघत असतात. ‘मनमोकळं बोला’ या वाक्यापेक्षा त्यांचा त्यावर जास्त भरवसा असतो. अशा वेळी तीनच गोष्टी कराव्यात: त्याने काय सांगितलं ते आपल्या शब्दांत परत म्हणावं, एक प्रश्न विचारावा, आणि उत्तर कधी देणार ती तारीख सांगावी. उत्तर ‘नाही’ असलं तरी त्या तारखेला कारणासकट द्यावं. त्यांनी पुढच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हटलं, “त्या दिवशी मी ऐकून न घेता समजावत बसलो. तारखेचं पुन्हा सांगा.” चूक चारचौघांत झाली होती, ती केबिनमध्ये बोलावून दुरुस्त झाली नसती.

पाचव्या आठवड्यात ते घाबरून आले. “आधीच बरं होतं. आता रोज नवी तक्रार, नवी चूक पुढे येतेय.” इथे बरेच जण माघार घेतात. एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधक बाईंना १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधचुकांचा अभ्यास करताना असंच कोडं पडलं होतं: चांगल्या चाललेल्या विभागांत चुकांची नोंद जास्त दिसत होती. तिथली माणसं चुका लपवत नव्हती, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. साहेबांच्याही टीममध्ये चुका आधीपासून होत्याच. फक्त त्या शेवटच्या दिवशी कळायच्या, आता दोन आठवडे आधी कळत होत्या.

नुसतं बोलू दिलं आणि निर्णय सगळे स्वतःकडेच ठेवले तर माणसं लवकरच कंटाळतात. म्हणून प्रत्येक कामावर तीनपैकी एक शेरा मारायचा: ‘तुम्ही ठरवा, मला कळवा’, ‘ठरवण्याआधी बोला’, ‘मी ठरवणार, तुमचं मत हवंय’. तिसरा शेरा मारायला लाजू नये. खरा घात होतो तो पहिला शेरा मारून नंतर सगळ्यांसमोर निर्णय फिरवल्यावर.

एक बजावून सांगायला हवं. कुणी छळामुळे, लैंगिक त्रासामुळे किंवा जात, धर्म, अपंगत्व यावरून होणाऱ्या भेदभावामुळे गप्प असेल, तर ही फेरी न् तो कागद तिथे कामाचा नाही. ते प्रकरण रीतसर तक्रारीच्या मार्गानेच जायला हवं. ‘आपसात गोडीने मिटवू’ म्हणणं म्हणजे सोसणाऱ्यालाच आणखी सोसायला सांगणं.

तिसऱ्या महिन्यात पुन्हा मोजणी केली. साहेब ११ मिनिटांवर आले होते. वाक्यं तुटली दोनदाच, त्यातलं एकदा त्यांच्याकडून. ती टिपणं काढणारी बाई आता बोलते, तेही जुन्या दोघांना अधूनमधून न पटेल असं. दुसऱ्या आठवड्यात मिटलेली ती मात्र अजून फेरीत ‘सध्या पुढे जा’च म्हणते, तिचा मुद्दा आदल्या रात्री चार ओळींत लिहून येतो. “तिला बोलतं कसं करू?” असं त्यांनी पुन्हा विचारलं. करू नका, तिच्या चार ओळी तिच्या नावानिशी फेरीत वाचून दाखवल्या तर चालेल का, तेवढं तिला विचारा, असं सांगितलं.

ती म्हणाली, चालेल.