हॉर्न नवीन टाकला तरी रड तीच

प्रश्न : नमस्कार काका, माझी १२५ सीसीची गाडी आहे, बारा वर्षं जुनी. मी चिपळूणला राहतो, आठवड्यातून दोनदा कुंभार्ली घाट चढून कराडला जावं लागतं आणि तिथल्या वळणांवर हॉर्नशिवाय भागतच नाही. पहिल्या पावसानंतर हॉर्न कधी वाजतो, कधी नुसता घुर्र करतो. गॅरेजवाल्याने टेस्टर लावला, लाइट लागली, म्हणाला करंट येतोय म्हणजे हॉर्नच गेला. नवीन टाकला, दोन दिवस बरा वाजला आणि परत तेच. गंमत म्हणजे हँडल उजवीकडे वळवलं की एकदम खणखणीत वाजतो. आता काय करू?

उत्तर : अहो, ज्याला तुम्ही गंमत म्हणताय तेच तर उत्तर आहे! बिघाड हॉर्नच्या पोटात असता तर हँडल कुठे वळलंय याच्याशी त्याला काय देणंघेणं? जुना हॉर्न फेकून दिला नसेल तर जपून ठेवा, तो बहुतेक चांगलाच असणार.

आता टेस्टरने फसवलं कसं ते बघा. टेस्टरच्या बारक्या लाइटला करंट लागतो नखाएवढा, तेवढा तर तुटत आलेल्या वायरच्या एका तारेतूनही येतो. पण हॉर्नला अडीच-तीन अँपियर लागतात आणि ते त्या एका तारेतून जात नाहीत, मग आतला पडदा नीट थरथरत नाही आणि घुर्र होतं. म्हणून चेक करायचं तर हेडलाइटचा जुना १२ व्होल्ट ३५ वॅटचा बल्ब घ्या, तो हॉर्नएवढाच करंट खेचतो. हॉर्नच्या दोन्ही वायरी काढून बल्बला जोडा, किल्ली चालू, एकाने बटण दाबून धरायचं आणि दुसऱ्याने हँडल सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं (बल्ब हातात धरू नका, चटका बसतो). हँडल फिरवताना उजेड कमीजास्त झाला की चोर सापडला, हँडलच्या मानेपाशी जिथे वायरिंगचा जुडगा रोज वाकतो तिथेच तो असतो. तिथली टेप सोडवा आणि एकेक वायर हलकेच ओढून बघा. धड वायर ओढली जात नाही, पण आतलं तांबं तुटलं असेल तर तेवढ्या जागी ती रबरासारखी ताणली जाते, बाहेरून मात्र अगदी नवी दिसते. तेवढा तुकडा कापून नवीन घाला, सोल्डर करा, वर स्लीव्ह (वायरीवरची प्लास्टिकची नळी) चढवा आणि हँडल वळायला पुरेल एवढी ढील ठेवा. नुसता पीळ मारून टेप गुंडाळली तर पुढच्या पावसात पुन्हा पत्र लिहाल! तुमचा नवीन हॉर्न दोन दिवस वाजला तोही बहुतेक एवढ्याचसाठी, की बसवताना वायरी हलल्या.

हँडल कसंही फिरवा, बल्ब मिणमिणताच राहिला तर बटण उघडा. आतले पॉइंट काळे-हिरवे झालेले असतात, बारीक पॉलिश पेपर मारा, थोडा कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, झालं. आणि बल्ब लख्ख पेटून हॉर्न घुरघुरत असेल तरच हॉर्नच्या मागचा स्क्रू पाव-पाव आटा फिरवून बघायचा. आपल्याकडे सगळे सुरुवातच त्या स्क्रूपासून करतात आणि चांगला हॉर्न बिघडवून ठेवतात.

प्रश्न : मला बाइकला कारचे दोन मोठे हॉर्न लावायचेत, जुन्याच वायरीवर चालतील का?

उत्तर : वाजतील, पण बटण जळेल. ते दोन मिळून सहज ८-१० अँपियर खेचतात. रिले टाका, म्हणजे बटणाच्या थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. जुन्या हॉर्नच्या दोन वायरी रिलेच्या ८५ आणि ८६ नंबरच्या पिनांना, बॅटरीच्या प्लसवरून १५ अँपियरचा फ्यूज लावून जाड वायर ३० ला आणि ८७ वरून हॉर्नला, हॉर्नचं दुसरं टोक बॅटरीच्या मायनसला. गाणी वाजवणारा मल्टिटोन हॉर्न मात्र विचारू नका, त्याला केंद्रीय मोटार वाहन नियम ११९ प्रमाणे बंदीच आहे.